चोचवाला डॉक्टर: काय खरं, काय रंगवलेलं?

पायाला भिंगरी

मंडळी, मागच्या महिन्यात व्हेनिसला जाऊन आले. प्रवासवर्णनाची जिलबी पाडत नाहीये, घाबरू नका. विषय वेगळा आहे.

तिथे गल्लीबोळांत मुखवट्यांची दुकानंच दुकानं. सोनेरी, पिसांचे, मांजरीचे. त्यातच एक पांढरा, वीतभर वाकडी चोच आणि डोळ्यांना गोल भिंगं असलेला. तो घेतला. कागदाच्या लगद्याचा आहे, हातात धरला तर पापडाइतका हलका. विमानात मांडीवर ठेवून आणला. घरी पिशवीतून काढल्याबरोबर तेरा वर्षांचा भाचा ओरडला, "मावशी, एससीपी-०४९!" आई म्हणाली, "जटायू आहे का गं?"

भाच्याने मग शिकवणी घेतली. हा म्हणे प्लेगचा डॉक्टर, जगात कुठली तरी 'महामारी' पसरली आहे असं त्याच्या डोक्यात बसलंय, नुसता हात लावला की माणूस मरतो आणि मग हा त्याच्यावर शस्त्रक्रिया करतो. इंटरनेटवर लोकांनी मिळून रचलेली भयकथा आहे. दुकानदाराने मला सांगितलं होतं ते आणखी वेगळं: १३४८ साली काळ्या मृत्यूच्या, म्हणजे युरोपातल्या प्लेगच्या मोठ्या साथीच्या वेळी हे डॉक्टर असेच चोच लावून व्हेनिसभर फिरायचे. दोघांवरही विश्वास बसेना म्हणून पंधरा दिवस वाचत बसले. ते इथे टाकते.

१३४७ ते १३५१ च्या त्या साथीत ही चोच कुठेच नाही. चित्रात नाही, लिखाणात नाही. त्या काळातला नावाजलेला वैद्य गी द शोल्याक. हा फ्रान्समधल्या आव्हीन्याँला पोपच्या पदरी होता. त्याने लिहून ठेवलंय की लागण होईल म्हणून वैद्य रोग्याकडे जायला धजत नव्हते, गेले तरी उपयोग होत नव्हता, आणि तो स्वतः पळाला नाही तो फक्त अब्रू जाईल म्हणून. पुढे त्यालाच ताप चढला, जांघेत गाठ आली, जवळजवळ सहा आठवडे पडून होता. वाचला. त्याचा पोप, सहावा क्लेमेंट, दोन धगधगत्या आगट्यांच्या मध्ये बसून राहायचा. हवा शुद्ध राहावी म्हणून.

चोच येते ती थेट सतराव्या शतकात, म्हणजे पावणेतीनशे वर्षांनी. श्रेय दिलं जातं शार्ल द लोर्म याला. हा फ्रान्सच्या तेराव्या लुईचा वैद्य, आणि साल सांगतात १६१९, पॅरिसची साथ. वर्णन आलंय ते त्याच्या मरणानंतर छापलेल्या चरित्रात. बकऱ्याच्या मऊ कातड्याचा अंगरखा, त्याच कातड्याची विजार, बूट, हातमोजे आणि टोपी, सगळं एकमेकांत खोचलेलं. अर्धा फूट लांब नाक, आत सुगंधी द्रव्यं, श्वासाला दोनच भोकं. डोळ्यांवर चष्मा. शिवाय लसूण, सताप, धूप असले प्रकार तोंडात, नाकात, कानात. सताप वाचून मला आजी आठवली. तान्ह्या बाळाच्या उशाशी ठेवायची.

हे सगळं कशासाठी, तर रोग घाणेरड्या हवेतून येतो ही समजूत. दुर्गंध हाच रोग. मग सुगंध हे चिलखत. त्या हिशोबाने चोच म्हणजे वेडेपणा नव्हता, चोख तर्क होता. फक्त गृहीतकच चुकलेलं.

पण मला चोचीपेक्षा त्या माणसाच्या नोकरीची गोष्ट जास्त आवडली. प्लेगचा डॉक्टर म्हणजे नगरपालिकेने साथीपुरता करारावर नेमलेला वैद्य. इटलीतल्या पाव्हिया शहराने १४७९ साली जोव्हान्नी दे व्हेंतुरा नावाच्या डॉक्टरशी केलेला करार आजही वाचायला मिळतो. महिना ३० फ्लोरिन, राहायला सामानसुमानासह घर, काम नीट केलं तर शहराचं नागरिकत्व. फक्त प्लेगचेच रोगी बघायचे. आणि शहरात एकट्याने हिंडायचं नाही, शहराने नेमलेला माणूस कायम बरोबर. हा कोण आहे ते लोकांना लांबूनच कळावं, म्हणजे ते बाजूला होतील. डॉक्टर हवा तर आहे, पण जवळ नको.

आता प्रयोग. चोचीत लवंगा, भीमसेनी कापूर, पुदिना आणि वाळलेल्या गुलाबपाकळ्या भरून मुखवटा चढवला. पहिलं मिनिटभर देवघरात बसल्यासारखं वाटलं. मग कापराने डोळ्यांना धार लागली. भिंगांवर वाफ धरली. स्वतःचा श्वास कानात भात्यासारखा. मान वळवली तर चोच पडद्यात अडकली, आणि खाली पाहिलं तर आपले पायच दिसेनात, मध्ये चोच. आईला म्हटलं हात दे, नाडी बघते. मनगट सापडायलाच वेळ गेला. हे लावून कोणी गाठी कापत असेल?

तर जाणकारांनी सांगावं. हा वेष लोक खरंच घालत होते का? घालत असतील तर काही उपयोग होत होता का? आणि १६१९ चा हा माणूस आज पोरांच्या मोबाईलवर कसा पोचला?

---

वाचनमात्र · वा!

मस्त धागा. वाचनखूण साठवली.

---

खवचट काका · चोच नव्हे, थाप

भिंगरीताई, लेख छान, पण तुम्ही अर्ध्या वाटेवर थांबलात. १३४८ ला चोच नव्हती हे मान्य केलंत, मग १६१९ ला होती हे कशावरून? एका चरित्रकाराने आपल्या नायकाची आरती ओवाळताना लिहिलं म्हणून?

जगभर फिरतं ते चित्र बघा. पाउल फ्युर्स्ट याने १६५६ साली न्यूरेंबर्गला छापलेलं, 'रोमचा डॉक्टर चोच'. रोममध्ये तेव्हा साथ होती आणि त्याची चर्चा जर्मनीत. डॉक्टरच्या हातात काठी, काठीवर पंख फुटलेलं वाळूचं घड्याळ. हातमोज्यांना पक्ष्यासारख्या नख्या. मागे बारीक आकाराची पोरं त्याला बघून पळतायत. खाली जर्मन आणि लॅटिनची खिचडी करून लिहिलेली कविता, सगळा सूर असा की हा कावळा मढ्यांवर आणि पैशांवर टपलेला आहे. आता सांगा, हे काय आहे? व्यंगचित्र! कोणीतरी चेष्टा केली आणि साडेतीनशे वर्षांनी आपण ते आरोग्य खात्याचं परिपत्रक म्हणून वाचतोय.

उद्या आपल्या दिवाळी अंकातली डॉक्टरांवरची व्यंगचित्रं पाहून कोणी म्हणेल, भारतातले डॉक्टर कमरेएवढी सुई घेऊन फिरायचे. हलके घ्या.

---

पायाला भिंगरी · काका, असहमत

व्यंगचित्र आहे हे कबूल. पण चेष्टा कशाची तरी असते ना? ज्याला बघून लोक हसतील असं काहीतरी डोळ्यासमोर असल्याशिवाय चेष्टा जमत नाही. तोमास बार्तोलीन हा डेन्मार्कचा शरीरशास्त्रज्ञ, गंभीर माणूस. त्याच्या १६६१ च्या पुस्तकात रोमच्या प्लेग डॉक्टरचं असंच चित्र आहे. जिनिव्हाच्या मांजेच्या १७२१ च्या प्लेगवरच्या ग्रंथातही आहे. आणि १७२० च्या मार्सेच्या साथीत माँपेलिएहून आलेल्या शिकोयनो या डॉक्टरचंही चोचीसकट चित्र आहे. इतके सगळे एकाच थापेला बळी?

---

खवचट काका · एकाच थापेला?

एकच चित्र एकमेकांचं बघून काढत गेले तर पाच ग्रंथांत तेच येणार. व्हॉट्सॲपवर एकच निरोप पाच जणांनी पाठवला म्हणून पाच साक्षीदार होत नाहीत.

---

बव्हेरियन मिसळ · प्रत्यक्ष मुखवटा पाहिलाय

मध्ये पडतो. मी म्युनिकजवळ राहतो. इथून उत्तरेला इंगोलश्टाट गाव आहे, तिथे वैद्यकाच्या इतिहासाचं संग्रहालय, जुन्या विद्यापीठाच्या शरीरशास्त्र विभागाच्या टुमदार इमारतीत. मागे औषधी वनस्पतींची बाग. त्या संग्रहालयात चोचीचा एक खराखुरा मुखवटा आहे. दुसरा बर्लिनच्या ऐतिहासिक संग्रहालयात.

आता काकांना आनंद होईल अशी गोष्ट: हे मुखवटे कुठल्याही साथीत कोणी खरोखर वापरले होते का, याबद्दल इंगोलश्टाटच्याच अभ्यासकांनी शंका घेतली आहे. मागाहून संग्राहकांच्या हौसेसाठी बनवलेले असू शकतात असं त्यांचं मत. हातात आलेली आपली सगळ्यात प्रसिद्ध वस्तू खोटी असेल असं संग्रहालयाने स्वतः म्हणायचं, याला दाद दिली पाहिजे. लोक तर तिथे तेवढ्यासाठीच येतात. आमचाही दोन तासांचा बेत त्या काचेसमोरच संपला, कारण लेकीला दुसरं काही बघायचंच नव्हतं.

माझं मत मधलं. इटली आणि फ्रान्सच्या दक्षिणेला काही ठिकाणी, काही डॉक्टरांनी, चोचीचा नाही तरी तोंड झाकणारा मेणकापडाचा वेष वापरला असावा. पण युरोपभर प्रत्येक गावात चोचवाला फिरत होता हे चित्र निव्वळ नंतरचं.

---

लवंगी मिरची · अवांतर

'रिंगा रिंगा रोझेस' हे गाणं पण प्लेगवरच आहे ना? रोझेस म्हणजे अंगावरचे चट्टे, पॉकेट फुल ऑफ पोझीज म्हणजे चोचीतली फुलं, आणि ऑल फॉल डाऊन म्हणजे सगळे मेले. आमच्या बालवाडीत बाई हात धरून गोल फिरवायच्या, आता आठवून अंगावर काटा येतो.

---

खवचट काका · काटा आवरा

ते गाणं इंग्लंडमध्ये छापलेलं सापडतं ते १८८१ पासून. प्लेगचा अर्थ त्याला चिकटला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. मधली दोनशे वर्षं पोरं हे गाणं म्हणत होती आणि कोणी लिहून ठेवलं नाही, हे लोकसाहित्यवाल्यांना पटत नाही. मलाही नाही. बाईंना दोष देऊ नका.

---

लवंगी मिरची · अरे देवा

बालपण परत मिळालं. धन्यवाद काका.

---

थेम्सकाठचा · लंडनात चोच नव्हती

बव्हेरियन मिसळ यांच्याशी सहमत. १६६५ च्या लंडनच्या साथीत, ज्यात सरकारी नोंदीप्रमाणेच ६८,५९६ माणसं गेली, चोचीचा पुरावा नाही. आणि तिथे सांगायला साक्षीदारही चांगला आहे: डॉक्टर नॅथॅनिएल हॉजेस. बरेच वैद्य श्रीमंत रोग्यांच्या मागोमाग खेड्यांत निघून गेले, हा राहिला, आणि पुढे १६७२ साली लॅटिनमध्ये सगळं लिहून छापलं.

त्याची दिनचर्या वाचण्यासारखी आहे. सकाळी उठून जायफळाएवढं चाटण. मग घरी आलेले रोगी तपासायचे, दिवाणखाना भरलेला असायचा. न्याहारी. मग घरोघरी फेरी. रोग्याच्या घरात शिरलं की निखाऱ्यांवर काहीतरी जाळून धुरी करायची. चालून अंग तापलं असेल किंवा धाप लागली असेल तर थोडं थांबून मगच रोग्याकडे. जेवणाआधी स्पॅनिश वाईनचा पेला, जेवणात लोणची, संध्याकाळी पुन्हा फेरी आणि रात्री झोपण्याआधी पुन्हा वाईन. दोनदा त्याला वाटलं की आपल्याला लागला, दोन्ही वेळा त्याने वाईन वाढवली. हा सगळा तपशील देणारा माणूस तोंडावर चोच लावत असता तर तेवढंच लिहायचं विसरला असता?

शेवट मात्र वाईट. इतकं करून माणूस कर्जात बुडाला आणि १६८८ साली कर्जबुडव्यांच्या तुरुंगात मेला.

ताजी गोष्टही सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत नॉरिचजवळच्या हेल्सडन गावात कोणीतरी संपूर्ण चोचवाल्या वेषात भर दिवसा रस्त्याने फिरायला लागलं. काळा झगा, टोपी, चोच, सगळं. लोक घाबरले, पोलिसांकडे तक्रारी गेल्या. पोलीस म्हणाले, सापडला तर समज देऊ. पुण्याला मी हे फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, "निदान त्याने मास्क तरी लावलाय."

---

गेमाडपंथी · मोबाईलवर कसा पोचला याचं उत्तर

भिंगरी, तुझ्या तिसऱ्या प्रश्नावर बोलायचा हक्क फक्त माझा आहे.

माझ्या पिढीच्या डोक्यात चोचवाला बसवला तो 'असॅसिन्स क्रीड २' या व्हिडिओ गेमने. खेळ घडतो १४७६ ते १४९९ च्या इटलीत. फ्लॉरेन्स, व्हेनिसच्या चौकात चोचवाले डॉक्टर टपरी मांडून उभे असतात, ओरडून गिऱ्हाईक बोलवतात, आणि तलवारीने तुकडे झालेला आपला गडी त्यांच्याकडे गेला की दोन सेकंदांत टुणटुणीत. बाकी इमारती इतक्या अचूक केल्यात की मी पहिल्यांदा फ्लॉरेन्सला गेलो तेव्हा रस्ता विचारावा लागला नाही. पण डॉक्टर सव्वाशे-दीडशे वर्षं आधी आणून ठेवलेत. गंमत म्हणजे तुझा पाव्हियाचा १४७९ चा करार अगदी त्याच काळातला, म्हणजे पगारी प्लेग डॉक्टर बरोबर आहे, फक्त तोंड चुकलंय.

'डार्केस्ट डंजन' या दुसऱ्या गेममधली प्लेग डॉक्टर बाई तर लाडकी. चोचीतून विषारी वायूच्या बाटल्या फेकते. (चोचीतून नाही, हाताने. भावनेच्या भरात लिहिलं.) आणि एससीपी-०४९ बद्दल भाच्याने सांगितलं ते बरोबर आहे, एक राहिलं: त्या कथेत मुखवटा आणि झगा हे कपडे नाहीतच, त्याच्या अंगातूनच उगवलेत. ज्याने कोणी ही कल्पना काढली त्याने माणूस काढून टाकला आणि वेष जिवंत केला. भारी.

का आवडतो म्हणाल तर साधं आहे. चेहरा दिसत नाही, बरा करायला आलाय की न्यायला आलाय ते कळत नाही, आणि काळ्या रंगात रेखाटायला एकदम सोपा. आकृती बघून ओळखू येतो. खेळाच्या चित्रकाराला आणखी काय हवं?

---

बव्हेरियन मिसळ · कार्निव्हल

व्हेनिसच्या कार्निव्हलबद्दल थोडी भर. जुना कार्निव्हल १७९७ ला नेपोलियनने प्रजासत्ताक मोडल्यावर बंद पडला, आजचा सुरू झाला १९७९ मध्ये. म्हणजे भिंगरीताईंच्या दुकानातली मुखवट्यांची आताची लाट माझ्यापेक्षा फार मोठी नाही. आणि व्हेनिसने प्लेगसाठी खरं जे केलं ते मुखवट्यात नाहीच, ते खाडीतल्या बेटांवर आहे. १४२३ साली एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी कायमचं रुग्णालय, १४६८ ला दुसऱ्या बेटावर जहाजं थांबवून ठेवायची सोय. 'क्वारंटाईन' हा शब्दच त्यांच्या बोलीतल्या चाळीसवरून आला, चाळीस दिवस. त्या बेटाच्या भिंतींवर अडकून पडलेल्या व्यापाऱ्यांनी आणि हमालांनी लाल रंगात खरडलेलं अजून दिसतं.

---

नाडीपरीक्षा · उपयोग होत होता का

पेशाने डॉक्टर आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो. लांबेल.

चोचीचा उपयोग शून्य. लवंग, कापूर, कस्तुरी काहीही भरा, प्लेगचा जंतू वासाने जात नाही. गाठीचा प्लेग पसरतो पिसवांमुळे. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा माणसावर येतात. पण झग्याचं तसं नाही. मेण घासलेलं गुळगुळीत कापड किंवा कातडं, बुटात खोचलेलं, हातमोजे वरून. पिसूला धरायला जागा नाही, आत शिरायला फट नाही. म्हणजे हवेच्या भीतीने शिवलेला वेष चुकून पिसवांपासून वाचवत असणार.

आता खरी गोष्ट. १६५७ साली जिनोव्हाला भयंकर साथ आली. तिथल्या प्लेगच्या इस्पितळात पाद्रे आंतेरो मारिया दा सान बोनावेंतुरा नावाचा अनवाणी पंथाचा साधू रोग्यांची सेवा करत होता. त्याने पुढच्याच वर्षी पुस्तक लिहिलं. त्यात तो वैतागून सांगतो की इस्पितळात पिसवांनी जीव नकोसा केलाय, झग्यात त्यांची फौज घर करून बसते, कपडे सारखे बदलावे लागतात. आणि पुढे त्या मेणाच्या झग्याबद्दल लिहितो: याचा उपयोग एवढाच की त्यात पिसवांना सहज घर करता येत नाही.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. माणूस उत्तरावर बोट ठेवून उभा आहे! पण त्याच्या लेखी पिसवा म्हणजे नुसता त्रास, रोग वेगळा. झगा रोगासाठी कुचकामी आहे, पिसवांसाठी बरा आहे, असं त्याचं म्हणणं. दोन्ही वाक्यं एकाच गोष्टीबद्दल आहेत हे कळायला २४० वर्षं गेली.

१८९४ ला हाँगकाँगमध्ये येरसँने जंतू शोधला. मग पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर, जो येरसँच्या जागी १८९७ ला मुंबईत आला होता, त्याने काही रोग्यांच्या पायांवर बारीक फोड पाहिले आणि हे चावे पिसवांचे असावेत असं त्याला वाटलं. १८९८ च्या जूनमध्ये कराचीला त्याने प्रयोग केला. एका काचेच्या भांड्यात प्लेगने मरायला टेकलेला उंदीर, त्याच्या अंगावर पिसवा. त्याच भांड्यात वेगळ्या जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर, दोघांचा स्पर्श होणार नाही असा, पण पिसू उडी मारू शकेल इतक्या अंतरावर. काही दिवसांत निरोगी उंदीर प्लेगने मेला. सहकाऱ्यांनी बरीच वर्षं त्याला हसण्यावारी नेलं.

थोडक्यात, त्या वेषातलं जे लोकांच्या लक्षात राहिलं ते निरुपयोगी होतं आणि जे कोणी बघत नाही तेच कामाचं होतं.

एक पुरवणी. फुफ्फुसाचा प्लेग खोकल्याच्या थेंबांतून पसरतो, तिथे मात्र तोंड झाकणं हाच उपाय. १९१०-११ मध्ये मांचुरियात अशी साथ आली, सुमारे ६० हजार माणसं गेली. पेनांगला जन्मलेला तरुण डॉक्टर वू लिएन-तेह याने गॉज आणि कापसाच्या घडीचे मास्क शिवून घेतले, डोक्यामागे बांधायचे. मेनी नावाचा अनुभवी फ्रेंच डॉक्टर म्हणाला, असलं काही लागत नाही. मास्क न लावता रोगी तपासले आणि काही दिवसांत मेला. चोचीचा खरा वारस शोधायचा तर तो तिथे आहे, कार्निव्हलमध्ये नाही.

---

वाचनमात्र · दंडवत

पाद्रीबुवांचा किस्सा! इतकी वर्षं फक्त वाचत होतो, आज टंकायला भाग पाडलंत.

---

पायाला भिंगरी · धन्यवाद डॉक्टर

पिसवांचं वाक्य मी तीनदा वाचलं. तोंडाला मुखवटा लावून बसले होते आणि सगळं लक्ष चोचीकडे. झगा मी घेतलाच नाही, १२० युरो म्हणाला म्हणून.

---

धोबीतलाव · आपल्याकडचा प्लेग डॉक्टर

हे थोडं विषयांतर वाटेल, पण सिमाँचा उल्लेख आला म्हणून लिहितो. माझा आयडी बघा. मुंबईत मेट्रो सिनेमासमोर एक पुतळा आहे, रोज हजारो लोक त्याच्या पायाशी बसची वाट बघतात. तो डॉक्टर अकासिओ गाब्रिएल व्हिएगश यांचा. मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. मांडवीत दवाखाना होता. सप्टेंबर १८९६ मध्ये तिथल्याच एका घरात तापाचा रोगी बघायला गेले, जांघेतली गाठ पाहिली आणि हा गाठीचा प्लेग आहे असं उघड म्हणाले. बंदर, व्यापार, सगळ्यांच्या पोटावर येणारी गोष्ट. नाही म्हणणारे पुष्कळ होते.

१० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत बनवलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी पुढे आले. आणि पुण्याला सावित्रीबाई. मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात रोगी आणता आणता स्वतःला लागण झाली, १० मार्च १८९७ ला गेल्या. त्यांच्या नावापुढे डॉक्टर नाही, पण मुंढव्याहून पोराला पाठीवर घालून आणणारी बाई या धाग्यात यायलाच हवी.

---

खवचट काका · यावर मात्र सहमत

धोबीतलावांना दंडवत. पण बघा, आपल्याकडे प्लेगचं जे चित्र मनात बसलं त्यात डॉक्टर नाहीच. आहे तो घरात बुटांसकट घुसणारा सोजीर, माजघरापर्यंत जाऊन झडती घेणारा. स्टेशनावर बायामाणसांच्या काखा-जांघा तपासणारे. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत चापेकरांनी रँडला गोळी घातली ती या रागातून. त्याआधी ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईला आर्थर रोडच्या रुग्णालयावर हजारभर गिरणी कामगार चालून गेले होते. इस्पितळात नेलेला परत येत नाही, एवढंच लोकांना दिसत होतं.

फ्युर्स्टच्या चित्रातली पळणारी पोरं आठवा. मी त्याला व्यंगचित्र म्हणालो, अजूनही म्हणतो. पण ती पोरं का पळतायत हे विचारलंत तर ते मला आर्थर रोडला समजतं.

माझी पणजी म्हणायची, "उंदीर पडला की गाव सोडायचं." माळावर झोपड्या घालून महिना-महिना राहायचे. कुणी डॉक्टरने सांगितलेलं नव्हतं.

---

गेमाडपंथी · काका भावुक

काका कोणाशी तरी सहमत झाले. धागा सत्कारणी लागला.

---

नाडीपरीक्षा · उंदीर पडला की

काका, पणजीचं बरोबर होतं. उंदीर मेले की पिसवा घरात मोकळ्या सुटतात. घर सोडून उघड्या माळावर जाणं हा त्या काळी लस सोडली तर सगळ्यात चांगला उपाय. जिनोव्हाच्या पाद्रीबुवांना भेटवायला हवी होती.

---

थेम्सकाठचा · भिंगरी, एक प्रश्न

मुखवट्याचं पुढे काय केलंस?

---

पायाला भिंगरी · मुखवट्याचं पुढे

भाच्याला शाळेच्या वेषभूषेला हवा होता, पण "मावशी, झग्याशिवाय उपयोग नाही" असं तोच म्हणाला. (त्याने हा धागा वाचलाय.) आईने जुन्या ताडपत्रीचा शिवून देते म्हटलंय. काल माप घेतलं.

चोचीतल्या लवंगा आईने काढल्या. मी म्हटलं धुऊन मसाल्याच्या डब्यात टाक, महाग असतात. तिने सरळ केरात टाकल्या. म्हणाली, "प्लेगच्या डॉक्टरच्या नाकातल्या आहेत त्या."